घर सोडून दिल्याचं पत्र

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या शुक्रवारी फोनच्या पडद्यावर तुम्ही मला विचारलंत, "आजी, डिड यू रिअली लूज अ हाऊस?" आणि तुमच्या मागे उभी असलेली तुमची आई, पदर नसल्यामुळे, तोंडावर हात धरून हसत होती. तिने तुम्हाला सांगितलेली गोष्ट चुकीची आहे. तुमचे आजोबा सांगतात ती आणखी चुकीची आहे, कारण तिच्यात ते फार शहाणे निघतात. चुकीची गोष्ट दोनदा सांगून झाली की बरोबर गोष्ट कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आज लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी कळतं, फक्त उत्तर इंग्रजीत देता. पत्राला उत्तर तोंडावर द्यावं लागत नाही, तेव्हा ती अडचण नाही. आईने वाचून दाखवावं आणि मधे स्वतःचं काही घालू नये.

तर पहिली गोष्ट. मी घर हरवलं नाही. मी ते सोडून दिलं, आणि तसं सही करून लिहून दिलं.

ते घर विटांचं नव्हतं. कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवर बसून आलेलं होतं. इथे बहरीनमध्ये त्याला पोर्टाकॅबिन म्हणतात. एक लांबट पत्र्याची पेटी, आत दोन खोल्या, बोळाएवढं स्वयंपाकघर आणि न्हाणी. पाया नाहीच, सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेलं. मआमीर गावाच्या कडेला, सित्राच्या कारखान्यांकडे तोंड करून ते उभं होतं. आजोबांच्या कंपनीचं तिथलं काम संपलं तेव्हा कंपनीने ते घर आम्हालाच विकलं, माझ्या नावावर, आणि जागेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे हाजी म्हणतो, ते म्हणाले, राहा. आम्ही अकरा वर्षं राहिलो. तुमची आई तिथेच चालायला शिकली. ती चालली की सगळी जमीन दणदणायची, त्यामुळे ती कुठल्या खोलीत काय उद्योग करते आहे ते मला न बघता कळायचं. पुढे आम्ही सनाबिसला फ्लॅटमध्ये आलो. पत्र्याचं घर तिथेच राहिलं, आजोबांच्या "कधीतरी लागेल" या वर्गातल्या वस्तूंसाठी.

शेजारच्या तशाच पेटीत रत्नागिरीचं एक जोडपं भाड्याने राहायचं. त्यातली बाई म्हणजे तुमची आई जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते ती. तिचा नवरा वेल्डर. त्याचं छोटं वर्कशॉप मआमीरमध्येच आहे, मागे मोकळं आवार आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे दुखायला लागले आणि डॉक्टरने ठिणग्यांपासून दूर राहायला सांगितलं. तेव्हा खालाने ठरवलं की आता आपण कारखान्यातल्या लोकांना जेवणाचे डबे द्यायचे, आणि तेही रीतसर परवाना काढून. परवान्यासाठी राहत्या घरापासून वेगळं स्वयंपाकघर हवं होतं. ते नसेल तर परवाना नाही, आणि परवाना नसेल तर दोघांनी सामान बांधून गावी परतायचं. खालाला गावी जायचं नव्हतं.

"गावाला जाऊन काय करू, भाभी?" ती म्हणाली. "थय सगळ्यांच्या घरी चूल हाय."

त्याच सुमारास हाजींचा निरोप आला की त्यांना जागेवर गोदाम बांधायचं आहे, महिनाअखेर जागा मोकळी हवी. मग काय, गणित सोपं होतं. आम्हाला घर काढून टाकायचं होतं, खालाला घर हवं होतं. क्रेनने उचलायचं आणि दोन गल्ल्या पलीकडे तिच्या आवारात ठेवायचं. परवान्याचा तपासनीस पुढच्या रविवारी येणार होता. आमच्या हातात सबंध आठवडा होता. मी खालाला म्हटलं, कागदपत्रांची काळजी करू नकोस, ती माझ्याकडे सोड.

हे वाक्य आजोबा आता महिन्यातून एकदा तरी म्हणून दाखवतात.

तुम्हाला माहीत आहे, माझ्याकडे सगळ्याची फाइल असते. मी इथल्या एका ऑफिसात सतरा वर्षं सेक्रेटरी होते, आणि ते ऑफिस बंद झालं तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, मी लॅमिनेशनचं मशीन आणलं. कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावून गरम करून चिकटवायचं ते मशीन. या देशाची दमट हवा कागद खाते, मी ती खाऊ दिली नाही. लग्नाचा दाखला, तुमच्या आईचं लसीकरणाचं कार्ड, आजोबांची पत्रिका, बसचं वेळापत्रक, पुदिन्याच्या चटणीचं प्रमाण, सगळं मशीनमधून निघालं. आजोबा दुपारी झोपताना म्हणायचे, "मी घोरत नसलो तर आधी हलवून बघ, लगेच मशीनकडे नेऊ नकोस."

घराचा मूळ विक्रीचा कागदही त्यातच होता. काचेसारखा स्वच्छ. एका कोपऱ्यालासुद्धा सुरकुती नाही.

इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो, तेव्हा रविवारी सकाळी मी, आजोबा आणि खाला पालिकेच्या कचेरीत गेलो. खिडकीशी एक तरुण बहरीनी मुलगी होती, डोक्यावर रुमाल, बोटात पेन, फार हुशार. इथे वयस्कर बाईला आदराने हज्जिया म्हणतात, मग ती कुठल्याही धर्माची असो.

"सांगा, हज्जिया."

मी फाइल उघडली. हाजींचं ना-हरकत पत्र, वीज तोडल्याचं पत्र, घराचे चारही बाजूंनी फोटो, दारावरच्या पट्टीचा क्रमांक, आणि वर तो मूळ कागद. मुलीने एकेक बघत मान हलवली. मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटत होतं. शेजारी खाला कुजबुजली, "आमी अजून मक्केला गेलो नाय, भाभी, तुमी बसल्या जागी हज्जिया झालात."

मग मुलीने मूळ कागद उलटा केला. मालक बदलायचा तर नव्या मालकाचं नाव याच कागदाच्या मागे लिहून त्यावर शिक्का मारायचा असतो. तिने शिक्का उचलला आणि मारला. शाई गोळा झाली, क्षणभर थांबली आणि प्लास्टिकवरून ओघळली. तिने टिशूने पुसलं, पुन्हा मारला. पुन्हा तेच.

"हे काय आहे, हज्जिया?"

"मूळ कागद."

"आणि त्याच्यावर?"

"संरक्षण," मी म्हटलं.

तिने शिक्का खाली ठेवला. मग समजावून सांगू लागली. झेरॉक्सवर मालकी बदलत नाही. विकणारी कंपनी कधीच बंद झाली, म्हणजे दुसरी प्रत नाही. हा कागद नुसता दाखवायला चालेल, पण त्यावर काही लिहिता येणार नाही. भंगारात काढायचं असेल तर मात्र नुसता दाखवला की पुरे. "क्रशर येईल, दाबून टाकेल, खलास."

"पण घर चांगलं आहे," मी म्हटलं.

"कागद त्याहून चांगला आहे," ती म्हणाली. "तीच अडचण आहे."

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. खालाने तो कागद हातात घेतला, उन्हात धरला, नखाने कोपरा खरवडून बघितला. मग म्हणाली, "भाभी, तुमी कागदाला जिवंतपणीच कफन घातलंत."

मला वाईट वाटलं. ती हसत होती, पण कागद तिने हातातून सोडला नाही. 

सोमवारी आमच्या सनाबिसच्या स्वयंपाकघरात प्रयोग झाले. खालाचं मत होतं की फ्रीझरमध्ये ठेवलं की प्लास्टिक सुटतं. आजोबा इंजिनिअर, त्यांचं मत उलट, की जे उष्णतेने चिकटतं ते उष्णतेनेच सुटतं. मूळ कागदावर कुणालाच हात लावू द्यायचा नाही एवढं मी बजावलं आणि सरावासाठी दुसरे कागद दिले. फ्रीझरमधून बसचं वेळापत्रक काढलं ते तसंच्या तसं, फक्त गार. मग आजोबांनी इस्त्री घेतली आणि मोठ्या आत्मविश्वासाने स्वतःची पत्रिका पुढे केली. प्लास्टिक सुटलं. ते शाईसकट सुटलं. खाली कोरा कागद उरला, आणि आजोबांचा शनी, ज्याने म्हणे त्यांना जन्मभर छळलं, तो प्लास्टिकला चिकटून निघून आला.

"बघा," खाला म्हणाली, "भाईंची साडेसाती सुटली. आता माझी बघा."

यानंतर मूळ कागदाला इस्त्री लावायचा विषय कुणी काढला नाही.

मंगळवारी मी एकटीच कचेरीत गेले. त्या मुलीने मला ओळखलं. मला बसायला सांगितलं, आत गेली, कुणाशी तरी बोलून आली आणि म्हणाली, एक वाट आहे. एखाद्याने दुसऱ्याच्या जागेवर आपली वस्तू सोडून दिली आणि तसं लिहून दिलं, तर ती जागेच्या मालकाची होते. मग त्याच्या नावाने नवा कागद निघतो. हाजींनी तो घेऊन पुढे तुमच्या मैत्रिणीच्या नावे केला की झालं. "आणि नव्या कागदावर," ती हळूच म्हणाली, "शाई बसते."

तिने एक छापील फॉर्म पुढे केला. मी चष्मा लावला. त्यात लिहिलं होतं की खाली सही करणारी व्यक्ती सदर मालमत्ता सोडून गेली आहे आणि तिची निगा राखणं तिला जमलेलं नाही.

मुलांनो, मी आयुष्यात एक सेफ्टीपिन हरवलेली नाही. मी त्या मुलीला विचारलं की "जमलेलं नाही" हे खोडून "आता गरज नाही" असं लिहिता येईल का.

"छापील आहे, हज्जिया."

"मी खोडून बाजूला छोटी सही करते."

"सगळे लोक हाच फॉर्म भरतात."

"सगळे लोक खरोखर निगा राखत नसतील."

तिने ओठ दाबले. मला वाटतं ती हसू दाबत होती. मी फॉर्म घरी आणला. आजोबांनी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. म्हणाले, "सही कर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातून काहीतरी राहून गेलंय, आणि त्याला सरकारी पुरावा मिळतोय. ही संधी मला पुन्हा यायची नाही."

"अहो, पण हे खरं नाही ना. मी कुठे सोडून दिलंय?"

"मग सोडून दे."

ही एकच शहाणपणाची गोष्ट त्यांनी त्या आठवड्यात सांगितली. खोट्यावर मी सही करत नाही. तेव्हा आधी घर खरोखर सोडायला हवं होतं.

बुधवारी दुपारी आम्ही मआमीरला गेलो. आतलं उरलंसुरलं सामान खालाच्या नवऱ्याने आधीच हलवलं होतं. मी सोबत झाडू नेला होता.

"सोडून द्यायचं घर कुणी झाडतं का?" आजोबा दाराशी उभे राहून म्हणाले.

"लोक घाण टाकून जातात म्हणून मीही जाऊ?"

झाडून झालं. मी किल्ली दाराला आतून लावून ठेवली, पायऱ्या उतरले आणि मागे न बघता गाडीकडे चालायला लागले. दहा पावलांवर आजोबा म्हणाले, "माझी छत्री राहिली."

"राहू दे. ती आता सोडून दिली."

"घर सोडून दिलं. छत्रीचं फॉर्ममध्ये काही नाही."

ते परत आत गेले. सोडून दिलेल्या घरात मालक छत्री आणायला जातो तर ते सोडलं कसं? मी दोघांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. दुसऱ्या वेळी न्हाणीतला नळ ठिबकत असल्याचं मलाच आठवलं, आणि माझे पाय आपोआप वळले. शेजारच्या आवारात दोन कामगार चहा पीत आमचं हे येणं-जाणं बघत होते. एकाने दुसऱ्याला काहीतरी म्हटलं आणि दोघांनी सहानुभूतीने मान हलवली. तिसऱ्या वेळी मात्र आम्ही गेलो. आजोबांनी गाडी सुरू केली. रस्ता वळल्यावर ते म्हणाले, "चांगलं होतं ग." मी हो म्हटलं. घरी पोचल्यावर टेबलाशी बसून सही केली. आता ते अक्षर न् अक्षर खरं होतं, निगा राखण्याचं सोडून. तेवढ्या एका शब्दासाठी मी अजूनही त्या छापखान्याला माफ केलेलं नाही.

हाजींना आदल्या रात्रीच फोनवर सगळं सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी आम्ही हाजींच्या मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या मोठ्या खोलीत, गेलो. कचेरी दुपारी बंद होणार होती, आणि मग शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी तपासनीस. आज नाही झालं तर खालाचं झालंच नाही. ती माझ्या शेजारी कोचाच्या अगदी कडेला बसली होती, हातात रिकामी पिशवी घट्ट धरून.

हाजींनी माझं पत्र घेतलं आणि सावकाश वाचलं. आमच्याशी ते नेहमी हिंदीतच बोलतात, त्यांची स्वतःची हिंदी.

"तो मदाम, अभी घर मेरा."

"जी."

"पूरा मेरा. खलास?"

"खलास," मी म्हटलं.

त्यांनी चहा मागवला. चहा आला, त्यांनी साखर ढवळली. "मेरे पास कबूतर बहुत है," ते म्हणाले. "जगह छोटा है. ये घर में कबूतर बहुत खुश रहेगा. दो कमरा है, किचन भी है."

मी खालाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कागदावर हाजींचं बरोबर होतं. मीच तसं लिहून दिलं होतं. घर त्यांचं होतं, त्यांनी कबूतरं ठेवावीत नाहीतर उंट.

खालाने पिशवी मांडीवर ठेवली आणि सरळ बसली. "रखो, हाजी," ती म्हणाली. "मगर कबूतर तुम्हारे लिए मछली का सालन नहीं बनाएगा. मैं तो गांव चली जाऊंगी."

हाजींनी कप खाली ठेवला. मग त्यांनी उशीखालून एक पाकीट काढलं. आत दुसरं पत्र होतं, टाइप केलेलं, सही केलेलं, सकाळपासून तयार. घर खालाच्या नावे.

"एक शर्त," ते म्हणाले. "थर्सडे को मेरा खाना. हामूर मछली."

"इंशाल्ला," खाला म्हणाली.

"नो इंशाल्ला. थर्सडे."

मी सवयीने पत्र वाचायला घेतलं. घराच्या क्रमांकातला शेवटचा आकडा चुकला होता. मी तोंड उघडणार एवढ्यात खालाने माझ्या दंडाला चिमटा काढला. "भाभी, गप बसा तुमी. मिळतंय ते घ्या."

पण चुकलेल्या क्रमांकाचं घर म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घर. मी दाखवलं. हाजींनी कपाळाला हात लावला, मुलाला हाक मारली, छपाईचं मशीन दोनदा अडलं, आणि खालाने तेवढ्या वेळात मला जे काय ऐकवलं ते मी तुम्हाला मोठं झाल्यावर सांगेन. शेवटी नवा कागद निघाला. हाजी दारापर्यंत आले आणि म्हणाले, "यल्ला, यल्ला, भागो."

कचेरीची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. त्याच मुलीने हाजींच्या नावाचा नवा कागद काढला, तो उलटा केला, खालाचं नाव लिहिलं आणि शिक्का मारला. शाई बसली. तिने ट्रेलरवरून घर हलवण्याचा परवानाही दिला, आणि कागद माझ्या हातात न देता खालाच्या हातात दिला.

"याला काहीही करू नका," ती म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

शनिवारी क्रेन आली. घर उचललं तेव्हा ते किंचित तिरकं झालं आणि खालाने ड्रायव्हरला खालून अशा काही सूचना दिल्या की त्याने क्रेन थांबवून विचारलं, मदाम, आप चलाएगा? दोन गल्ल्या पार करायला ट्रेलरला पाऊण तास लागला. आजोबा पुढे चालत छत्रीने वाहनं थांबवत होते. त्यांच्या गोष्टीत हा भाग सगळ्यात लांब असतो.

रविवारी तपासनीस आला. खिडकीला जाळी आहे का, पाण्याची टाकी झाकलेली आहे का, सिलिंडर बाहेर आहे का, सगळं बघितलं. तिथे काही खायची त्याला परवानगी नव्हती. पण झाकण उघडून बघायला कुणी मनाई केलेली नव्हती, म्हणून त्याने प्रत्येक पातेल्याचं झाकण उघडून बघितलं, काहींचं दोनदा. मग सही केली. खाला दाराच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. तिच्या नवऱ्याने चहा केला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला चहा करताना पाहिलं.

आता काय उरलं आहे ते लिहिते. आमची जुनी जागा गोदामाखाली गेली. मी सही केलेलं पत्र कचेरीच्या कपाटात आहे, कुणी मागितलं तर ते दाखवतात. आमच्या नावावर या देशात घर नाही. पत्र्याचं घर मात्र आहे, वर्कशॉपच्या मागे, खालाच्या नावावर. खोल्यांमधली भिंत तिने काढली, खिडक्या निळ्या रंगवल्या, आत चार मोठ्या शेगड्या ठेवल्या. आठवड्यातले सहा दिवस तिथे स्वयंपाक होतो, आणि गुरुवारचा पहिला डबा हाजींकडे जातो.

तुमची आजी